कुंभी नावाचा देह

कुंभी कोण, हे केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती बाई आहे, वय तिशी-चाळिशीच्या मधलं, आणि एके दिवशी ती अर्धा तास कोमट पाण्यात पडून राहिली होती, एवढंच. कोल्हापूरच्या त्या आपत्कालीन वैद्यक प्रशिक्षण केंद्रात शिकण्यासाठी ठेवलेल्या देहांना नद्यांची नावं दिलेली होती. कासारी, तुळशी, भोगावती, धामणी. डॉ. ऋजुता चौगुलेच्या वाट्याला कुंभी आली, आणि पुढे वर्षभर रोज दुपारी ती कुंभीच्या सोबत राहिली.

सोनोग्राफी म्हणजे काय हे तसं सगळ्यांना माहीत असतं. आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या उंच पट्टीतला आवाज प्रोब अंगात सोडतो आणि आतून उमटणाऱ्या पडसादांचं चित्र करतो. पातळ पदार्थातून आवाज अडखळत नाही, म्हणून रक्त, पाणी, लघवी पडद्यावर काळी दिसतात. हाड त्याला परतवून लावतं, म्हणून ते पांढरं आणि त्याच्या मागे लांबलचक सावली. एके काळी हे काम वेगळ्या, अंधाऱ्या खोलीत, वेगळ्या डॉक्टरांकडे असे. आता साबणाच्या वडीएवढा प्रोब कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक डॉक्टरच्या खिशात आला होता. अपघातातला माणूस स्ट्रेचरवर असतानाच त्याच्या पोटात रक्त साचतंय का, फुप्फुस मिटलंय का, हृदयाभोवती पाणी आहे का, हे दोन-चार मिनिटांत कळू लागलं होतं. यंत्र लहान झालं, स्वस्त झालं. डोळा मात्र तयार करावा लागतो, आणि तो मरणाच्या घाईत असलेल्या माणसावर तयार करता येत नाही.

ही अडचण पाण्याने सोडवली. केंद्राच्या तळमजल्यावर एक गोल हौद होता. त्याच्या भिंतींत हजारो बारीक स्फटिक बसवलेले होते, प्रत्येक स्फटिक म्हणजे एक प्रोब. आपखुशीने आलेला माणूस त्या पाण्यात तरंगत पडे, आणि सगळ्या बाजूंनी निघालेला आवाज त्याच्या आरपार जाऊन परत येई. श्वासाबरोबर खालीवर होणारं यकृत, उघडमीट करणाऱ्या हृदयाच्या झडपा, आतड्यांची सावकाश वळवळ, सगळं जसंच्या तसं टिपलं जाई. हाडांच्या सावलीत आवाज पोचत नसे, तिथे संगणक अंदाजाने भर घाली. मग वरच्या दालनात रबराच्या पुतळ्यावर प्रोब टेकवला की पडद्यावर त्या जिवंत माणसाचं अंतरंग उमटे. नाव मोहोरबंद. देणाऱ्याला एक अट मान्य करावी लागे: ही तपासणी नाही, हे दान आहे, आत काय दिसलं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभर एकच देह मिळे. हा हट्ट डॉ. शहनाज मुजावर यांचा. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या घरात वीज गेली तरी आपण ठेचकाळत नाही, कारण खुर्ची कुठे आहे हे पायांना पाठ असतं. तसा एक निरोगी देह पाठ करा, मग दुसऱ्याच्या घरात शिरताच काय जागेवर नाही ते आपोआप कळेल.

ऋजुताला सुरुवातीलाच कुंभीने चकवलं. डाव्या कुशीत प्लीहा सापडली, पण तिच्या खाली किडनी दिसेना. ऋजुताने प्रोब तिरका केला, उभा केला, बरगड्यांच्या फटीत घातला. आपला हातच जड आहे असं वाटून तिने दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्याही दिवशी केलं. मुजावर मॅडम मागे उभ्या राहून बघत आणि काही न बोलता निघून जात. शेवटी ऋजुताने प्रोब खाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, हिला डावी किडनी नाही."

"नाहीच आहे," मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणायला तुला तीन दिवस लागले. पेशंटकडे इतका वेळ नसतो."

पण नसलेल्या किडनीच्या जागी ऋजुताला आणखी काहीतरी दिसलं होतं: चांदण्यासारखे दोन-तीन चकचकीत ठिपके आणि त्यांच्यामागे बारीक शेपट्या. शस्त्रक्रियेत शिरेला लावलेल्या चिमट्यांच्या खुणा. म्हणजे ती किडनी मुळातच नव्हती असं नाही, काढलेली होती. आणि उजवी एकटीने दोघींचं काम करत नेहमीपेक्षा मोठी झाली होती. केंद्रात निरोगी माणसांचेच देह घेत, तेव्हा कुंभीने आपली किडनी कुणालातरी दिली होती.

ऋजुता त्या दिवशी दालनातून सगळ्यांत शेवटी बाहेर पडली. तिच्या स्वतःच्या पोटात उजव्या बाजूला, खाली, कातडीच्या अगदी जवळ, अशीच कुणाचीतरी डावी किडनी होती. एकोणीस वर्षांची असताना ती बसवली होती. तिच्या थोरल्या बहिणीची, मुक्ताताईची.

मुक्ताताईने किडनी दिली तेव्हा ती पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारायची. ऑपरेशननंतर वैद्यकीय तपासणीत ती बसणार नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि ताई तर नाहीच नाही. तिने फक्त एक सवय लावून घेतली. ऋजुता कुठेही असो, दिवसातून तीनदा फोन यायचा. गोळ्या घेतल्यास का, पाणी पितेस का, लघवीचा रंग कसा आहे. वसतिगृहात, मैत्रिणींसमोर, परीक्षेच्या हॉलबाहेर. जणू तिची एखादी ठेव ऋजुताकडे ठेवलेली होती. तिसऱ्या वर्षाला असताना ऋजुता वैतागून म्हणाली, "माझं मी बघते, तू विचारत जाऊ नकोस." त्या दिवसापासून ताईने विचारणं बंद केलं. किडनीबद्दल बंद केलं तसं बाकीचंही हळूहळू बंद झालं. मग ताईचं लग्न झालं, ती गगनबावड्याला गेली, सणावारी एकमेकींना बरं आहे ना एवढं विचारून दोघी फोन ठेवू लागल्या. अशी सात वर्षं गेली होती.

कुंभीशी ऋजुताची ओळख मात्र वाढत गेली. दुपारी दालनात खिडक्यांचे पडदे ओढलेले असत. यंत्राच्या पडद्यावर करड्या रंगाचा भुरभुर पाऊस पडल्यासारखं दिसे, आणि त्या पावसातून हळूहळू आकार वर येत. यकृत म्हणजे धुक्यातलं शांत पठार. पित्ताशय म्हणजे त्या पठारावरचं काळंभोर तळं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, एक बारीक धागा ताणलेला होता. काही जणांना असा धागा जन्मतः असतो, त्याने काही बिघडत नाही. कुंभीच्या प्रत्येक ठोक्याला तो थरथरे. ऋजुता कधी कधी काही न शिकता नुसतीच त्या धाग्याकडे बघत बसे. कधी जेवणानंतर तिथेच खुर्चीत तिचा डोळा लागे आणि स्वप्नात ती एका करड्या माळावरून चालत असे, जिथली जमीन तिच्या पायाखाली सावकाश वर येई, खाली जाई.

एकदा ऊस वाहणारी ट्रॉली उलटली आणि तिच्याखाली सापडलेली एक मजूर बाई केंद्राच्या आवारातल्या कॅज्युअल्टीत आली. अंगावर जखम अशी नव्हती, ती बोलत होती, पाणी मागत होती. यंत्राने पहिल्या झटक्यात सगळं ठीक असल्याचा हिरवा दिवा दाखवला. ऋजुताने प्रोब उजव्या कुशीत पुन्हा टेकवला. यकृत आणि किडनी यांच्यामधली ती फट कुंभीच्या देहात तिने शेकडो वेळा पाहिली होती. तिथे पांढरी रेघ असते, दोन अवयव एकमेकांना चिकटून झोपल्यासारखे. इथे त्या रेघेत केसाएवढी काळी चीर होती. तिने बाईचं डोकं थोडं खाली करायला लावलं, मिनिटभर थांबली. चीर रुंदावली. रक्तच होतं. बाई लगेच ऑपरेशनला गेली आणि आठवड्याने चालत घरी गेली. मुजावर मॅडम शाबासकी देत नसत, पण त्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यातली शेवयांची खीर ऋजुतापुढे सरकवली.

वर्षाच्या उत्तरार्धात संकटांचा अभ्यास सुरू झाला. पुतळ्यातल्या देहाला संगणक आता कोणताही आजार देऊ शकत होता. कुंभीच्या प्लीहेला चीर पडली, पोटात काळं पाणी चढत गेलं, छातीकडे जाणारी मोठी शीर चपटी होत कागदासारखी झाली, हृदय लहान आणि घाईघाईचं झालं. ऋजुताने वेळेवर ओळखलं तर ती वाचे. एकदा ओळखायला उशीर झाला. धागा थरथरायचा थांबला आणि पडद्यावर नुसता करडा पाऊस उरला. संगणकाने विचारलं, पूर्ववत करू? तिने होय केलं आणि हृदय काही न घडल्यासारखं पुन्हा चालू लागलं. पण ती उठून बाहेर आली आणि आवारातल्या शिरीषाखाली बराच वेळ बसून राहिली. आपल्याला हे इतकं का लागलं, हे तिला तेव्हा धड सांगता आलं नसतं. मनात मात्र एक विचार केव्हाचा घुटमळत होता. कुंभी नदी गगनबावड्याकडून येते. देह देणाऱ्यांसाठी केंद्राने आवाहन केलं, त्याच वर्षी ऋजुताची निवड इथे झाल्याचं ताईला कळलं होतं. आणि न सांगता देऊन टाकणं हा ताईचा स्वभावच होता.

हा विचार तिने मनात मागे सारून ठेवला होता. एका सोमवारी तो पुढे आला.

त्या दिवशी कुंभीला कुठलंच संकट दिलेलं नव्हतं. ऋजुता सहज तिच्या एकट्या उजव्या किडनीकडे बघत होती. किडनीचा मधला भाग पांढरा असतो, मिटलेल्या मुठीसारखा. तिथून लघवी निथळून खाली जाते. कुंभीची ती मूठ किंचित उघडी होती. बोटांच्या फटींत काळं दिसत होतं, फुलाच्या पाकळ्या उमलाव्यात तसं. म्हणजे खाली कुठेतरी वाट अरुंद झाली होती आणि लघवी मागे तुंबत होती. थोडी, अगदी थोडी. वर्षभर तिने ती पाहिली होती आणि हा या देहाचा स्वभाव आहे असं धरून चालली होती. जे पाठ झालं ते निरोगीच असणार, असं तिच्या डोळ्याने ठरवून टाकलं होतं.

तिने मॅडमना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या की मूत्राशय भरलं असेल तर निरोगी माणसातही असं दिसतं. ऋजुताने प्रोब खाली नेला. मूत्राशय जवळपास रिकामं होतं. मॅडम म्हणाल्या, बरगडीच्या सावलीतली भर संगणकाची असते, हीही त्याचीच कल्पना असेल. ऋजुताने कच्च्या नोंदी उघडून दाखवल्या. तो भाग सावलीत नव्हता. मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

"दोन किडन्या असत्या तर मीही घाबरले नसते," त्या म्हणाल्या. "पण नाव उघडता येत नाही. तिने सही केलीय, आपण केलीय. समितीकडे अर्ज कर. आणि एक ध्यानात ठेव. समितीने नाव उघडलं, तर त्या देहाची ओळख फुटली असं धरतात. मग तो देह पुसावा लागतो."

ऋजुताने अर्ज केला नाही. तिला अर्जाची गरजच वाटली नाही, कारण कुंभी कोण हे आपल्याला माहीत आहे अशी तिची खात्री झाली होती. नियम न मोडता ताईला तपासता येईल. अडचण एकच होती. गर्भातल्या बाळाचं लिंग कुणी चोरून बघू नये म्हणून प्रत्येक प्रोबला हद्द ठरवून दिलेली असे. केंद्राच्या आवाराबाहेर नेला की तो आंधळा होई. तेव्हा ताईलाच इथे आणायला हवं होतं.

रविवारी ती एसटीने गगनबावड्याला गेली. करूळ घाटाच्या तोंडाशी ताईची रोपवाटिका होती. वनखात्यासाठी ताई आणि तिचा नवरा सुभाष जंगली झाडांची रोपं वाढवत. सकाळचे दहा वाजले तरी धुकं उठलं नव्हतं. रोपांच्या रांगा दहा पावलांवर विरघळून जात होत्या आणि त्या करड्या पांढऱ्यातून ताई हळूहळू उमटली: आधी डोक्याचा रुमाल, मग खांदे, मग मातीने भरलेले हात.

ताईने तिला बस म्हटलं, चहाचं विचारलं, आणि पिशव्यांत माती भरत राहिली. ऋजुताने वाटेत बरंच काही ठरवलं होतं, ते सगळं विसरून ती एकदम म्हणाली, "ताई, मला तुझी किडनी बघायचीय. एकदा कोल्हापूरला ये."

ताईचे हात थांबले. "का?"

"बऱ्याच दिवसांत कुणी बघितली नसेल म्हणून."

"मी विचारायचं नाही असं ठरलं होतं आपलं," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी नाही विचारलं. तुला ताप आला होता तेव्हासुद्धा आईकडून ऐकलं, पण तुला नाही विचारलं. आता तू माझी विचारणार होय?"

धुक्यात कुठेतरी पाण्याची मोटर सुरू झाली. चहा घेऊन आलेले दाजी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले की बुधवारी त्यांना कोल्हापुरात बियाण्याचं काम आहेच, तेव्हा ते हिला सोबत घेऊन येतील. ताई नाही म्हणाली नाही. जाताना तिने ऋजुताच्या पिशवीत रानकेळीचं एक रोप ठेवलं आणि ते वाऱ्यात धरू नकोस एवढंच सांगितलं.

बुधवारी दुपारी दालन रिकामं होतं. मॅडमना सांगून, रीतसर नोंद करून ऋजुताने ताईला टेबलावर झोपवलं. शेजारच्याच टेबलावर रबराचा पुतळा पडलेला होता. ताईच्या कुशीवर जेल लावलं तेव्हा गारव्याने तिच्या अंगावर काटा आला, आणि ऋजुता क्षणभर दचकली. कुंभीच्या अंगावर कधी काटा येत नसे. तिने प्रोब टेकवला.

किडनी मोठी होती, भरदार होती, आणि तिची मूठ घट्ट मिटलेली होती. कुठे काळं नव्हतं. ऋजुताला वाटलं, हौदातल्या नोंदीला दोन वर्षं होत आली, तेवढ्यात आपोआप सुधारलं असेल, एखादा खडा निघून गेला असेल. तिने प्रोब वर छातीवर नेला. ताईचं हृदय संथ लयीत चालत होतं. तिने डावा कप्पा शोधला, सगळ्या बाजूंनी पाहिला. तिथे धागा नव्हता. मग यकृत पाहिलं, पित्ताशय पाहिलं. हे घरच वेगळं होतं. इथलं एकही दार तिच्या ओळखीचं नव्हतं.

कुंभी ताई नव्हती.

"काय गं? वाईट आहे का काही?" ताईने विचारलं.

"नाही. छान आहे. सगळं छान आहे."

"मग रडतेस कशाला?"

तेव्हा ऋजुताने सगळं सांगितलं. हौद, नद्यांची नावं, नसलेली किडनी, चिमट्यांचे ठिपके. वर्षभर ती जिच्याजवळ बसली, जिचा ठोका न् ठोका तिने पाठ केला, ती तिला ताई वाटत होती. आणि खरी ताई समोर निजलेली असताना तिला तिच्यातलं काहीच ओळखू येत नव्हतं. ताई शांतपणे ऐकत होती. आपण त्या हौदाबद्दल कधी ऐकलंही नव्हतं, ती म्हणाली, आणि ऐकलं असतं तरी पाण्यात शिरलो नसतो, आपल्याला पाण्याची भीती वाटते. हेही ऋजुताला माहीत नव्हतं.

मग ताई उठून बसली, पोटावरचं जेल पुसलं आणि म्हणाली, "आता तुझी दाखव."

ऋजुता आजवर कुणासमोर त्या टेबलावर झोपली नव्हती. विद्यार्थी एकमेकांवर सराव करत तेव्हा ती काहीतरी निमित्त काढून बाहेर जाई. आता ती झोपली. तिने प्रोब ताईच्या हातात दिला, तिचा हात आपल्या हातात धरून उजव्या मांडीच्या वरच्या खोलगटात टेकवला आणि हळू फिरवला. किडनी कातडीखाली लगेच होती, इतकी जवळ की पडद्यावर ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी स्वच्छ उगवली. ऋजुताने रंगांचं बटण दाबलं. आत जाणारं रक्त तांबडं, बाहेर येणारं निळं. झाडाला फांद्या फुटाव्यात तसं ते किडनीभर पसरत होतं, प्रत्येक ठोक्याला उजळत, मंद होत.

ताईने हात हलवला नाही. ती श्वाससुद्धा बेताने घेत होती. तिचीच वस्तू होती ती, चोवीस वर्षं तिच्या कुशीत वाढलेली, आणि तिने ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"रमलीय की इथं," ती म्हणाली.

ऋजुताने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत ओघळलं, ते ताईने पदराने टिपलं. मग ताईने शेजारच्या पुतळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि ही? हिची कोण बघणार?"

अर्ज त्याच संध्याकाळी गेला.

समितीत पाच जण होते. त्यांना भीती वाटत होती, आणि ती खोटी नव्हती. आज एकीला कळवलं तर उद्या प्रत्येक देणारा विचारेल, माझ्यात काय दिसलं? जे दिसलं नाही त्याचा जाब कोण देणार? मग पाण्यात उतरायला कोण येईल, आणि डॉक्टर शिकणार कुणावर? ऋजुताने आडपडदा ठेवला नाही. ही आपली बहीण आहे असं वाटल्यामुळेच आपण धावाधाव केली, हेही तिने सांगितलं. एका वयस्क सभासदांनी विचारलं, ही परकी आहे असं पहिल्यापासून माहीत असतं तर?

"तर कदाचित मी मॅडमना विचारून गप्प बसले असते," ती म्हणाली. "म्हणूनच नियम बदलायला हवा, सर. एखाद्या बाईची किडनी वाचायची तर ती आधी कुणाच्यातरी ओळखीची असावी लागू नये."

मग मुजावर मॅडम म्हणाल्या की या बाईच्या देहावर शिकलेल्या डोळ्याने एक मजूर बाई वाचली आहे, आणि ज्या बाईने हा डोळा घडवला तिलाच त्याचा उपयोग नाकारायचा असेल तर आपण शिकवतो तरी कशाला. ठराव झाला. एका अधिकाऱ्याने मोहोर उघडायची, त्या बाईला फोन करायचा, आणि नाव स्वतःपुरतं ठेवायचं. ऋजुताला ते कळणार नव्हतं. आणि देह पुसला जाणार होता.

पुसण्याआधी तिला एक दुपार मिळाली. तिने काही अभ्यास केला नाही. पठार पाहिलं, तळं पाहिलं, श्वासाबरोबर सरकणारी फुप्फुसांची कड पाहिली, काचेवरून मुंगी जावी तशी. मग हृदयावर थांबली. तो धागा नेहमीसारखाच थरथरत होता. ज्या बाईच्या छातीत तो खरोखर होता, ती या क्षणी कुठेतरी बाजारात असेल, शाळेत शिकवत असेल, भाकरी थापत असेल; तिला त्या धाग्याचा पत्ताही नव्हता. तंत्रज्ञ दाराशी येऊन उभा राहिला. पुसायचं बटण मीच दाबते, असं ऋजुताने त्याला सांगितलं. दाबलं तेव्हा आवाज झाला नाही. पडद्यावर करडा पाऊस आला, दाट झाला, आणि प्रोबखाली नुसतं रबर राहिलं.

बातमी दीड महिन्याने आली. ऋजुता कॅज्युअल्टीत एका दमेकरी म्हाताऱ्यांच्या छातीवर प्रोब धरून उभी होती. मुजावर मॅडम दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "वेळेत पोचली ती. नळी टाकलीय. किडनी वाचली." ऋजुताने मान डोलावली आणि म्हाताऱ्यांना मोठा श्वास घ्यायला सांगितला.

जेवणाच्या सुट्टीत तिने गगनबावड्याला फोन लावला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि बरं झालं म्हणाली. ती कुठली, नाव काय, हेही तिने विचारलं. माहीत नाही, ऋजुता म्हणाली. ताई म्हणाली की असू दे, आपल्याला काय करायचंय नावाशी. मग ती रोपांबद्दल बोलू लागली, आणि कितीतरी वेळ बोलत राहिली.

फोन ठेवल्यावर ऋजुता शिरीषाखालच्या बाकावर टेकली. ऊन कोवळं होतं, तिचा डोळा लागला. स्वप्नात तळमजल्यावरचा हौद होता आणि पाण्यातून एक बाई उठत होती. तिची पाठ ऋजुताकडे होती. तिने केस पिळले, कोरड्या साडीचा पदर खांद्यावर ओढला, आणि ओल्या पावलांचे ठसे उमटवत जिन्याकडे निघाली. हाक मारली असती तर ती नक्की वळली असती. ऋजुताने हाक मारली नाही. ठसे एकेक करून वाळत गेले, आणि वर, उजेडात, दार उघडल्याचा आवाज आला.